प्रथिनाचा जोडधंदा: संशयापासून पुराव्यापर्यंत

मास स्पेक्ट्रोमेट्रीची (वजनावरून प्रथिनं ओळखणाऱ्या पद्धतीची) यादी हाती येते. केंद्रकातलं एक प्रथिन अँटिबॉडीने ओढून काढलेलं असतं आणि त्याला चिकटून कोण कोण आलं ते बघायचं असतं. पहिल्या दहा-बारा नावांत अपेक्षित मंडळी दिसतात आणि मध्येच ग्लायकोलिसिसचं एखादं एन्झाइम येऊन बसलेलं असतं. साखर फोडणाऱ्या एन्झाइमचं केंद्रकात काय काम? अशा वेळी बहुतेक जण एकतर 'कचरा आहे' म्हणून ती ओळ पुसून टाकतात, नाहीतर त्याच संध्याकाळी शोधनिबंधाचं शीर्षक सुचवायला लागतात. मी दोन्ही करून पाहिलंय. दोन्ही वेळा घाई नडली.

अशा प्रथिनाला खरंच दुसरं काम आहे का, हे टप्प्याटप्प्याने कसं तपासायचं ते इथे सांगतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दुसरं काम 'दिसणं' सोपं असतं. ते पहिल्या कामाचाच लांबचा परिणाम नाही, हे दाखवणं अवघड असतं. पुढची जवळजवळ सगळी मेहनत त्यासाठीच आहे.

जोडधंदा कशाला म्हणायचं

अशा प्रथिनांना 'मूनलायटिंग प्रोटीन' हे नाव १९९९ साली कॉन्स्टन्स जेफ्री यांनी दिलं. मराठीत जोडधंदा हा शब्द त्याला चपखल बसतो. मूळ काम सुटलेलं नाही आणि शिवाय दुसरं चालू आहे.

कल्पना मात्र त्याआधीची. १९८० च्या दशकात डोळ्याच्या भिंगातल्या क्रिस्टॅलिन प्रथिनांचे क्रम वाचले जाऊ लागले, तेव्हा काही क्रम ओळखीचे निघाले. बदकाच्या भिंगातलं एप्सिलॉन क्रिस्टॅलिन म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, हे १९८७ साली कळलं. पक्ष्यांमधलं डेल्टा क्रिस्टॅलिन अर्जिनिनोसक्सिनेट लायेज निघालं. म्हणजे यकृतात रासायनिक क्रिया घडवणारं एन्झाइमच भिंगात ढिगाने साठून प्रकाश वळवण्याचं काम करत होतं. जोराम पियाटिगोर्स्की यांनी याला 'जीन शेअरिंग' म्हटलं.

व्याख्येत काय बसत नाही, हे कामाला लागण्यापूर्वी पक्कं करा. जनुक एकच, पण स्प्लायसिंग (जनुकाच्या आरएनए प्रतीची काटछाट) वेगळं होऊन दोन निराळी प्रथिनं बनत असतील तर तो जोडधंदा नव्हे. दोन जनुकं जुळून एका साखळीत दोन डोमेन (स्वतंत्रपणे घडी होणारे भाग) आले असतील आणि प्रत्येक डोमेन आपापलं काम करत असेल, तर तोही नव्हे. एन्झाइम जरा ढिलं असेल आणि दोन-तीन मिळत्याजुळत्या रेणूंवर क्रिया करत असेल, तर तो त्याचा सैलपणा. तेच काम दोन ठिकाणी करणंही मोजायचं नाही. प्रथिन कापलं गेल्यावर त्याचा तुकडा काही वेगळं करत असेल तर काटेकोर व्याख्येत तेही बाहेर राहतं. टायरोसिल टीआरएनए सिंथेटेज या प्रथिननिर्मितीतल्या एन्झाइमचे तुकडे पेशींना संदेश देतात, हे उदाहरण सुंदर आहे, पण ते स्वतंत्र खात्यात मांडावं असं माझं मत. एकच अखंड साखळी आणि एकमेकांवर न विसंबणारी दोन कामं, एवढंच धरून चाला.

पहिला टप्पा: पिपेट उचलण्याआधी

यूनिप्रॉट या प्रथिनांच्या संग्रहात तुमच्या प्रथिनाची नोंद उघडा आणि सगळ्यात आधी त्याची पर्यायी नावं वाचा. हे सांगण्यामागे कारण आहे. फॉस्फोग्लुकोज आयसोमरेज हे ग्लायकोलिसिसच्या दुसऱ्या पायरीचं एन्झाइम. मज्जापेशींना जगवणारा 'न्यूरोल्यूकिन' नावाचा स्रवणारा घटक १९८६ साली वर्णिला गेला आणि दोन वर्षांत लक्षात आलं की तो हेच एन्झाइम आहे. कर्कपेशींना हालचाल करायला लावणारा 'ऑटोक्राइन मोटिलिटी फॅक्टर'ही पुढे तेच प्रथिन निघालं. तीन प्रयोगशाळांनी तीन दारांतून एकाच घरात प्रवेश केला आणि प्रत्येकाने दारावर आपली पाटी लावली. तुमच्या प्रथिनाच्याही अशा पाट्या असतील, तर निम्मं काम आधीच झालेलं असू शकतं.

त्यानंतर मूनप्रॉट आणि मल्टिटास्कप्रॉटडीबी हे दोन संग्रह चाळा. प्रयोगाचा आधार असलेली जोडधंदेवाली प्रथिनं तिथे नोंदवलेली आहेत. इंटरप्रो या संग्रहात डोमेन बघा, अल्फाफोल्डमध्ये अंदाजलेली रचना. रचनेत एक गोष्ट मुद्दाम शोधायची: सक्रिय स्थानापासून (जिथे रासायनिक क्रिया घडते तिथून) दूर असलेला, पण उत्क्रांतीत जपला गेलेला पृष्ठभाग. एन्झाइमची खाच साधारणपणे लहान असते, बाकीचा मोठा पृष्ठभाग मोकळा असतो. तिथली अमिनो आम्लं अनेक जातींमध्ये तशीच टिकली असतील, तर ती कोणाला तरी धरत असण्याची शक्यता आहे.

ब्लास्टवर (क्रम जुळवून भावंडं शोधणाऱ्या साधनावर) मात्र इथे फार भिस्त ठेवू नका. क्रमातलं साधर्म्य तुम्हाला बहुधा पहिलं कामच सांगेल. उलट बाजूचा धोका जास्त मोठा आहे. माणसातल्या प्रथिनाला दुसरं काम आहे, म्हणून जिवाणूतल्या भावंडालाही ते असेल असं धरणं चुकीचं ठरू शकतं. यीस्टचं उदाहरण घ्या. क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिस या यीस्टमध्ये गॅल१ हे एकच प्रथिन गॅलॅक्टोजवर फॉस्फेट चढवतं आणि गॅलॅक्टोज आल्याची वर्दी जनुकांनाही देतं. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये जनुकाच्या दोन प्रती झाल्या आणि कामं वाटली गेली: गॅल१ मुख्यतः एन्झाइम, गॅल३ वर्दीदार. गॅल३ मध्ये योग्य जागी फक्त दोन अमिनो आम्लं घातली की ते पुन्हा गॅलॅक्टोकायनेज बनतं. इतक्या जवळच्या भावंडांची कामं वेगळी असतात. म्हणून संग्रहातली प्रत्येक नोंद प्रयोगावरून आली की नुसत्या साधर्म्यावरून, ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा टप्पा: आधी घाण, मग शोध

जोडधंद्याच्या यादीत ग्लायकोलिसिसची एन्झाइमं आणि रायबोसोमची प्रथिनं वारंवार दिसतात. पेशीत सर्वांत मुबलक असणाऱ्या आणि कुठेही चिकटणाऱ्या प्रथिनांतही हीच नावं असतात. या योगायोगाने अनेकांना फसवलंय.

म्हणून पहिला प्रश्न: तुमचं प्रथिन नेहमीच्या कचऱ्यापैकी आहे का? क्रेपोम नावाचा संग्रह यासाठीच आहे. रिकाम्या मण्यांवर (ज्यांवर अँटिबॉडी बसवतात ते) किंवा असंबद्ध अँटिबॉडीवर कोणती प्रथिनं किती वेळा येतात, ते तिथे बघता येतं. तुमच्या स्वतःच्या प्रयोगातही तीन कंट्रोल हवेत: नुसते मणी, त्याच प्रकारची पण निरुपयोगी अँटिबॉडी, आणि ज्या पेशींतून लक्ष्य प्रथिन काढून टाकलंय त्यांचा अर्क. तिसरा कंट्रोल लोक टाळतात, कारण अशा नॉकआउट पेशी बनवायला वेळ लागतो. खरा निकाल तोच देतो.

यानंतर उलटं ओढून बघा. एन्झाइमला धरा आणि केंद्रकातलं प्रथिन येतंय का ते पाहा. दोघांनाही आरएनए किंवा डीएनए धरायची सवय असेल, तर अर्कात आरएनए-डीएनए कापणारं न्यूक्लिएज घालून पुन्हा ओढा. न्यूक्लिएजनंतर जोडी सुटली, तर ते एकमेकांना धरत नव्हते, एकाच दोरीला लटकलेले होते.

जिवाणूंच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांची कथा याहून नाजूक. १९९२ साली स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिसच्या बाह्य पृष्ठभागावर ग्लायकोलिसिसचं जीएपीडीएच हे एन्झाइम सापडलं. काही वर्षांनी त्याच जिवाणूच्या पृष्ठभागावर इनोलेज मिळालं, तेही यजमानाचं प्लाझमिनोजेन (रक्ताच्या गुठळ्या विरघळवणाऱ्या एन्झाइमचं पूर्वरूप) धरून ठेवणारं. दोन्हींना पेशीबाहेर जाण्याचा नेहमीचा सिग्नल पेप्टाइड नाही. साहजिकच पहिली शंका येते की मेलेल्या जिवाणूंतून सांडलेलं एन्झाइम जिवंतांना चिकटलं असेल. ही शंका परीक्षकांच्या आधी तुम्हीच घ्या. वाढीच्या सुरुवातीच्या काळातले जिवाणू वापरा, आणि पृष्ठभागावर कधीच न दिसणारं एखादं आतलं प्रथिन सोबत मोजा. तेही बाहेर दिसलं, तर तुमचा नमुना फुटका आहे. जिवंत पेशींना ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमचा हलका हात देऊन बाहेरची प्रथिनं 'भादरता' येतात, पण तिथेही पेशी फुटत नाहीत ना, हे त्याच वेळी मोजावं लागतं. आणि सांडून चिकटलेलं एन्झाइमसुद्धा तिथे उपयोगाचं काम करत असू शकतं, ही शक्यताही उरतेच. ते कसं आलं आणि ते काय करतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तिसरा टप्पा: ठिकाण

पेशीचे भाग वेगळे करताना प्रत्येक भागाची ओळख पटवणारं प्रथिन सोबत ठेवा: केंद्रकासाठी लॅमिन, पेशीद्रवासाठी ट्युब्युलिन, मायटोकाँड्रियासाठी व्हीडॅक. केंद्रकाच्या नमुन्यात ट्युब्युलिनची पट्टी दिसत असेल, तर तुमचं एन्झाइमही त्याच वाटेने आलंय असं समजा.

त्याच्या जोडीला सूक्ष्मदर्शक हवाच. इथे टॅग (ओळखीसाठी प्रथिनाला जोडलेला तुकडा) घात करतो. साखळीच्या सुरुवातीला चमकणारं प्रथिन जोडलं, तर मायटोकाँड्रियाचा पत्ता झाकला जातो आणि प्रथिन भलतीकडेच भटकतं. जनुक गरजेपेक्षा जास्त व्यक्त केलं तरी तसंच. शक्य असेल तर क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने मूळ जनुकालाच टॅग लावा, म्हणजे प्रमाण नैसर्गिक राहतं. दोन जागी दिसलं म्हणून मात्र हुरळून जाऊ नका. मानवी प्रथिनांपैकी सुमारे निम्मी एकाहून अधिक ठिकाणी आढळतात, असं ह्यूमन प्रोटीन ॲटलासच्या २०१७ मधल्या नकाशात दिसलं. ती सगळी काही जोडधंदा करत नाहीत.

चौथा टप्पा: शुद्ध प्रथिन, नळीत

आता प्रथिन शुद्ध करा आणि पेशीबाहेर दुसरं काम जमतंय का ते बघा: आरएनएला चिकटतंय का, ग्राहकाला बांधतंय का. यात दोनच सूचना.

एक, ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनासोबत ई. कोलायची स्वतःची एन्झाइमं थोडी थोडी येतात. त्यामुळे सक्रिय स्थान मारलेला म्युटंट (मुद्दाम बदललेलं प्रथिन) त्याच दिवशी, त्याच पद्धतीने शुद्ध करा. तोही 'काम' करत असेल, तर ते काम त्या सक्रिय स्थानाचं नाही किंवा भेसळीचं आहे. नेमकं कोणतं, हे दुसऱ्या पद्धतीने शुद्ध केल्यावर कळतं.

दोन, चिकटण्याची ताकद आणि पेशीतलं प्रमाण यांची सांगड घाला. पेशीत कधीच नसतील इतक्या सांद्रतेला दोन प्रथिनं चिकटली, तर तो नळीचा गुण.

पाचवा टप्पा: दोन कामं एकमेकांपासून सोडवणं

इथे रेंगाळा. बाकी सगळे टप्पे या एकाची तयारी आहेत.

समजा, तुम्ही एन्झाइमचं जनुक काढून टाकलं आणि केंद्रकात काहीतरी बिघडलं. दुसरं काम सिद्ध झालं? नाही. चयापचय कोलमडला की एटीपी, एनएडी, ॲसिटिल कोए या सगळ्यांची पातळी हलते आणि तिची धग केंद्रकापर्यंत पोचते. ॲसिटिल कोए कमी झालं की डीएनए गुंडाळून ठेवणाऱ्या हिस्टोन प्रथिनांवरचे ॲसिटिल गट कमी होतात. एवढ्यानेच शेकडो जनुकं हलतील, आणि त्यासाठी एन्झाइमला केंद्रकात पाऊलही ठेवावं लागणार नाही.

उत्तर असं: एक काम तोडणारा आणि दुसरं शाबूत ठेवणारा म्युटंट बनवायचा. शक्य असेल तर दुसऱ्या दिशेनेही. मग नॉकआउट पेशींत चार गोष्टी स्वतंत्रपणे परत घालायच्या: रिकामं व्हेक्टर (जनुक पेशीत नेणारा वाहक डीएनए), मूळ प्रथिन, पहिलं काम मेलेला म्युटंट, दुसरं काम मेलेला म्युटंट. तिन्ही प्रथिनांची पातळी वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिनाची पट्टी दाखवणाऱ्या चाचणीत) जुळवून घ्यायची. जुळवली नाही, तर पुढचे आकडे निरर्थक. पहिलं काम मेलेल्या म्युटंटने केंद्रकातला बिघाड दुरुस्त केला आणि चयापचय तसाच मोडका राहिला, तर हात मोकळे. दोन्ही म्युटंटनी काहीच दुरुस्त केलं नाही, तर आधी त्यांची घडीच विस्कटलेली नाही ना ते तपासा. सर्क्युलर डायक्रोइझम (प्रकाशाने घडी तपासायची पद्धत) किंवा वितळण्याचं तापमान पुरतं.

याचा सर्वांत देखणा नमुना सायटोक्रोम सी. मायटोकाँड्रियाच्या दोन पडद्यांमध्ये ते इलेक्ट्रॉनची ने-आण करतं. १९९६ साली शियाओदोंग वांग यांच्या गटाने दाखवलं की तेच प्रथिन पेशीद्रवात आलं की पेशीच्या आत्मनाशाची यंत्रणा चालू होते. ते अपाफ-१ या प्रथिनाला धरतं, अपाफ-१ चं चक्र बनतं आणि प्रथिनं कापणारं कॅस्पेज-९ जागं होतं. आता हे उंदरात सिद्ध कसं करायचं? जनुक काढलं तर श्वसन बंद, गर्भच जगत नाही. तोडगा निघाला तो एका अमिनो आम्लात. ७२ व्या जागेवरचं लायसिन बदलून ॲलनिन केलं. इलेक्ट्रॉन वाहतूक शाबूत राहिली, अपाफ-१ मात्र जागं होईना. २००५ साली असे उंदीर वर्णिले गेले. श्वसन ठीक असूनही बऱ्याच गर्भांच्या मेंदूची वाढ बिघडली होती, कारण नको असलेल्या पेशी मरत नव्हत्या. 'श्वसन बिघडल्यामुळे झालं असेल' ही पळवाट एका अक्षराच्या बदलाने बंद झाली.

सगळीच प्रथिनं इतकी सोयीची नसतात. जीएपीडीएचचं बघा. नायट्रिक ऑक्साइडच्या ताणाखाली त्याच्या सक्रिय स्थानातल्याच सिस्टीनवर नायट्रोसो गट बसतो, मग ते सिया१ या प्रथिनाला धरून केंद्रकात शिरतं आणि पेशीला मृत्यूकडे नेतं. म्हणजे ते सिस्टीन बदललं की एन्झाइमही मेलं आणि मृत्यूचा निरोपही बंद. एका वाराने दोघं गारद, आणि तुम्ही होतात तिथेच. अशा वेळी जोडीदाराच्या बाजूने जा: सिया१ चा तो भाग बदला जो जीएपीडीएचला धरतो. जिवाणूंमधलं बिरा हे एन्झाइम तर त्याहून हट्टी. बायोटिन हे जीवनसत्त्व जोडताना ते ज्या पृष्ठभागाने ग्राहक प्रथिनाला भिडतं, त्याच पृष्ठभागाने स्वतःच्या जुळ्याला भिडून डीएनएवर बसतं. तिथे स्वच्छ फारकत मागणं हाच हट्ट आहे. कोणता जोडीदार किती आहे हे बदलून पारडं कुठे झुकतं, ते मोजावं.

जनुक अत्यावश्यक असेल आणि नॉकआउट जगत नसेल, तर ऑक्सिनने तासाभरात प्रथिन नष्ट करणारी डिग्रॉन पद्धत वापरा. चयापचय कोलमडण्याआधीच्या पहिल्या काही तासांत जे बिघडतं, ते थेट कामाचं असण्याची शक्यता जास्त. एसआयआरएनए (जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) वापरत असाल, तर परत घालायच्या जनुकात कोडॉन (अमिनो आम्लांचे तीन-अक्षरी संकेत) बदलून ते त्याच्या तावडीतून सोडवायला विसरू नका. विसरतात. मीही विसरलो होतो आणि 'काहीच दुरुस्त होत नाही' म्हणून दोन महिने डोकं खाजवत बसलो.

सहावा टप्पा: कळ कोण दाबतं

दोन कामं आहेत हे ठरलं, तरी प्रथिन एका कामावरून दुसऱ्यावर कधी आणि कशाने जातं, हे कळलं नाही तर गोष्ट अर्धी राहते. या टप्प्याचा आदर्श म्हणजे पेशीद्रवातलं ॲकोनिटेज. त्याच्या पोटात चार लोह आणि चार गंधक अणूंचा गुच्छ असतो. गुच्छ असेपर्यंत ते सायट्रेटचं आयसोसायट्रेट करणारं एन्झाइम. पेशीतलं लोह कमी झालं की गुच्छ मोडतो, खाच उघडते आणि तेच प्रथिन एमआरएनएच्या (जनुकाचा निरोप वाहणाऱ्या प्रतीच्या) विशिष्ट वळशांना धरतं. फेरिटिनच्या एमआरएनएवर वळसा सुरुवातीला आहे, त्यामुळे भाषांतर (एमआरएनएवरून प्रथिन बनणं) अडतं आणि लोह साठवणारं प्रथिन कमी बनतं. ट्रान्सफेरिन ग्राहकाच्या एमआरएनएवर वळसे शेवटाकडे आहेत, त्यामुळे तो एमआरएनए तुटण्यापासून वाचतो आणि लोह आत घेणारे दरवाजे वाढतात. साठवण कमी, आवक जास्त, आणि सगळा हिशेब लोह स्वतःच ठेवतं.

तुमच्या प्रथिनात अशी कळ शोधताना ओळीने बघा. आधी त्याचंच द्रव्य किंवा सहघटक कमी-जास्त करा. ई. कोलायमधलं पुटए प्रोलिन नसताना डीएनएवर बसून स्वतःच्याच जनुकांना गप्प ठेवतं, आणि प्रोलिन भरपूर आलं की पडद्याकडे जाऊन ते जाळायला लागतं. टी पेशींत ग्लायकोलिसिस मंदावलं की मोकळं झालेलं जीएपीडीएच इंटरफेरॉन गॅमाच्या एमआरएनएवर बसून त्याचं भाषांतर रोखतं, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. त्यानंतर फॉस्फेटसारख्या रासायनिक खुणा बघा. इंटरफेरॉन गॅमाच्या इशाऱ्यावर रायबोसोममधल्या एल१३ए या प्रथिनावर फॉस्फेट चढतं, ते रायबोसोम सोडतं आणि ठरावीक एमआरएनएंचं भाषांतर थांबवणाऱ्या संकुलात सामील होतं. शेवटी प्रमाण आणि जोडीदार. कळ सापडली की तिचा एक मोठा फायदा होतो. म्युटंटशिवायच, नुसती कळ दाबून, दोन कामं वेगळी करून दाखवता येतात, आणि तो पुरावा पाचव्या टप्प्यातल्या पुराव्यापासून स्वतंत्र असतो.

निष्कर्ष लिहिताना

कोणत्या जातीत, कोणत्या पेशीत, कोणत्या परिस्थितीत हे काम दिसलं, ते वाक्यातच लिहा. पाचवा टप्पा पार झाला नसेल, तर 'दुसरं काम करतं' असं न लिहिता 'अमुक प्रथिनाला धरतं' एवढंच लिहा. ते खरं आहे आणि पुढच्या माणसाला उपयोगी आहे. औषधाच्या दृष्टीने काम करत असाल, तर तुमचा रेणू सक्रिय स्थान अडवतो की मोकळा पृष्ठभाग, हे वेगळं सांगा. सक्रिय स्थान अडवल्याने दुसरं काम थांबेलच असं नाही, कधी कधी वाढतंही.

आणि तुमच्या जुन्या ब्लॉट्सवरून एकदा नजर फिरवा. किती ठिकाणी जीएपीडीएच लोडिंग कंट्रोल (सगळ्या नमुन्यांत सारखं प्रथिन भरल्याची खूण) म्हणून वापरलंय? ऑक्सिजन कमी केलेल्या, साखर काढून घेतलेल्या किंवा मरणाच्या वाटेवर ढकललेल्या पेशींत त्याची पातळी आणि जागा दोन्ही हलू शकतात. केंद्रकाच्या नमुन्यात तर ते कंट्रोल म्हणून चालतच नाही. तिथे लॅमिन घ्या, किंवा सरळ संपूर्ण प्रथिनाचा डाग मोजा.